ग्लेनिस पिअरसॉलचा समुद्री ड्रॅगन

हॉबर्टजवळच्या किनाऱ्यावरच्या स्नग आणि मार्गेट या दोन गावांत ज्याचा म्हणून वाढदिवस झाला, त्याचं नाव एकदा तरी ग्लेनिस पिअरसॉलच्या हातून साखरेत उमटलेलं असायचंच. बेकरीच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल होतं. कागदी कोनात आयसिंग भरायचं, टोक दाबायचं आणि हात असा फिरवायचा, की अक्षर सुरू कुठं झालं नि संपलं कुठं ते बघणाऱ्याला कळू नये. तिनं केलेली बदकं, ट्रॅक्टर, मांजरं बघून पोरं केकला सुरी लावू द्यायची नाहीत. एकीनं तर साखरेचं बदक उशीखाली घेऊन झोपून सगळ्या गावच्या मुंग्यांना जेवण घातलं होतं.

लग्न तिनं केलं नाही. "दुसऱ्यांच्या लग्नाचे केक इतके केले की माझी हौस परस्पर फिटली," असं म्हणायची. थोरला भाऊ मर्व कुंपणापलीकडच्या घरात राहायचा. तो पाणबुड्या. उभी हयात त्यानं समुद्राच्या तळाशी खडकांवरचे ॲबलोन शिंपले खरवडण्यात घालवली. त्यात गुडघे गेले, कान गेले, बायको कंटाळून मेलबर्नला गेली. उरली एक मुलगी, कर्स्टी. ती किंग्स्टनच्या वाचनालयात नोकरीला. कानांपायी मर्व 'जरा मीठ दे' हेसुद्धा एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हाळी घातल्यासारखं म्हणायचा.

साठी ओलांडली आणि ग्लेनिसचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग कुलपात किल्ली जाईना. डॉक्टर म्हणाली, "या कंपानं जिवाला काही होत नाही, पण हा जाणाराही नाही. सवय करून घ्या." ग्लेनिसनं ते कुणाला सांगितलं नाही. डावा हात उजव्या मनगटाखाली धरून ती आयसिंग करत राहिली. लोकांना वाटलं, वयाप्रमाणं सावकाश करतेय.

मग बर्नाडेट नावाच्या एका म्हातारीचा ऐंशीवा वाढदिवस आला. लांबलचक नाव. पहिली चार अक्षरं अशी उमटली जणू कुणी भूकंपात लिहिली असावीत. ग्लेनिसनं ती सुरीनं खरवडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खरवडली. तिसऱ्यांदा कोन उचलला तेव्हा बेकरीची मालकीण कोरल दारात उभी होती.

"राहू दे ग्लेन. मी लिहिते."

कोरल फार मायेनं बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ग्लेनिसला वाटलं. तिनं ॲप्रन काढून खुंटीला लावला, आणि पुढच्या आठवड्यात काही ती बेकरीकडं फिरकली नाही.

त्या हिवाळ्यात ती घरातच बसून राहिली. सूप करायची, खिडकीतून खाडी बघायची, आणि कुणी दार वाजवलं की हात खिशात घालायची. मर्व सकाळ-संध्याकाळ कुंपणावरून ओरडायचा, "आहेस का मेलीस?" ती उत्तर द्यायची, "मेले. पाव घेऊन ये." भावाबहिणीचा संवाद तेवढ्यावर आटपायचा.

एका रविवारी कर्स्टी आली ती वाचनालयातून निकालात निघालेला एक जुना लॅपटॉप काखेत मारून.

"आत्या, हे बघ. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे. वॅटल नाव. फुकट मिळतं."

"फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असतेच."

"तुझ्या सूपासारखी?"

"आगाऊ कुठली! बापावर गेलीस. आणि चित्रं कसली काढून घेतेस माझ्याकडून? या हातानं मला सही येत नाही."

"सही नकोच आहे. इथं नुसता एक ठिपका दे. आता तिथं दुसरा. सोडायच्या आधी जरा ओढ. हं, आता सोड."

ग्लेनिसनं माउस धरला. पडद्यावरचा बाण काचेत अडकलेल्या माशीसारखा तडफडू लागला. लाजेनं तिचे कान तापले. कसाबसा एक ठिपका पडला, कसाबसा दुसरा. ओढताना हात तर नुसता नाचत होता. तिनं सोडलं.

पडद्यावर एक रेषा होती. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली, मधे डौलानं वळलेली, स्नगच्या किनाऱ्यासारखी. कुठं एक कंप नाही, गाठ नाही. तिच्या ऐन उमेदीतसुद्धा कोनातून इतकी सरळ मनाची रेषा क्वचित निघाली होती.

ग्लेनिसनं माउसवरचा हात चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"ही कुणी काढली?"

"तू."

"उगाच गोड बोलू नको, कर्स्टी."

"अगं खरंच. तुझा हात कुठून कुठून भटकला याच्याशी या सॉफ्टवेअरला देणंघेणं नसतं. ते एवढंच विचारतं, निघालीस कुठून, पोचलीस कुठं आणि वळताना कल कुठं होता. बाकीचं गणित ते करतं. याला व्हेक्टर म्हणतात."

मग कर्स्टीनं ती रेषा मोठी केली. पडदाभर केली. तिचा एक तुकडाच दिसेल इतकी केली. कड होती तशीच, धारदार. फोटो मोठा केला की त्याचे चौकोन चौकोन होतात हे ग्लेनिसला ठाऊक होतं. इथं काहीच फाटत नव्हतं.

"अजून वाढव."

"आत्या, ही तू हॉबर्टच्या डोंगराएवढी केलीस तरी अशीच राहील."

"मग कर ना डोंगराएवढी," ग्लेनिस म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. कर्स्टी घरी गेली, चहा निवला, बाहेर पाऊस पडून थांबला, आणि ही बाई ठिपके देत, ओढत, सोडत बसलेली होती. प्रत्येक रेषा उमटली की ती हाताकडं बघायची, मग रेषेकडं, पुन्हा हाताकडं. देवळाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाला एकाएकी घंटा ऐकू यावी तसं काहीतरी तिचं झालं होतं.

त्यानंतरची दोनेक वर्षं तिनं बदकं काढली, ट्रॅक्टर काढले, मर्व काढला. मर्वचं चित्र इतकं साधलं की तो महिनाभर रुसला. वॅटल वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता, त्यावर ती चित्रं टाकायची. हे सॉफ्टवेअर कुणा कंपनीचं नव्हतं. देशोदेशीची माणसं आपापल्या वेळात ते बांधत होती, आणि सगळ्यांची मोट बांधून ठेवायची ऑकलंडची ओफा नावाची एक बाई, मूळची टोंगा बेटांवरची. दिवसा एका शाळेत गणित शिकवायची, उरल्या वेळात वॅटल.

एका वसंतात ओफानं गटावर लिहिलं: नवी आवृत्ती निघणार आहे, तिच्यासाठी एक शुभंकर हवा. आत्तापर्यंत वॅटलची खूण म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या पिवळ्या फुलाचा एक गोळा होता, जो सगळ्यांना टेनिसचा चेंडू वाटायचा. आता कुणीतरी जिवंत हवा. नवख्या माणसाला बघून हसू यावं, भीती जावी. नखाएवढा केला तरी ओळखू यावा, घराएवढा केला तरी रिकामा वाटू नये. ज्याला सुचेल त्यानं पाठवावा.

ग्लेनिस बाह्या सरसावून बसली. पोरांना हसवणारे प्राणी करण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं बिळात राहणारा गुबगुबीत वॉम्बॅट केला. मर्वनं चष्मा लावून बघितला.

"बटाटा छान आहे."

"वॉम्बॅट आहे तो."

"मग आजारी आहे. सुजलाय."

तिनं काकाकुवा केला. मर्व म्हणाला, याच्या डोक्यावर कुणी केळं सोललंय? तिनं पेंग्विन केला. तेव्हा मर्व काहीच बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. गटावर तोवर कोआलांचा पूर आला होता. ब्राझीलमधून कोआला, पोलंडमधून कोआला. चांगलेच होते, पण एकासारखा दुसरा.

"सगळं आधी कुणीतरी केलेलंच वाटतं रे," ग्लेनिस कुंपणाशी येऊन म्हणाली.

मर्व टोमॅटोला पाणी घालत होता. "जमिनीवरचं करतेस म्हणून. खाली बघ की."

"खाली कुठं?"

"पाण्याखाली, बये! टिंडरबॉक्सच्या किनाऱ्याला. समुद्री ड्रॅगन, तो समुद्रघोड्याचा चुलतभाऊ, बघितलायस का कधी?"

"फोटोत बघितलाय."

"फोटोत!" मर्व इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. "मी चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी काम केलं आणि ही माझी बहीण फोटोत बघते!"

"मर्व, मी त्रेसष्ट वर्षांची आहे."

"ड्रॅगनला कुठं तुझं वय विचारायचंय?"

डिसेंबरातल्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातल्या, एका निवांत सकाळी तो तिला घेऊन गेला. स्वतः कित्येक वर्षांत पाण्यात उतरला नव्हता. त्याच्या जुन्या रबरी पोशाखात ग्लेनिसला कोंबणं हे दोघांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम ठरलं. तो ओढायचा, ती किंचाळायची, आणि किनाऱ्यावर कुत्री फिरवायला आलेली मंडळी सभ्यपणानं दुसरीकडं बघायची.

"पोट आत घे!"

"घेतलंय! हे आत घेतलेलंच आहे!"

अखेर तोंडात श्वासाची नळी धरून, भावाचा हात धरून ती पाण्यात उतरली. गारठ्यानं छातीतली हवा पळाली. हात तर असा थरथरायला लागला की पाणी उकळावं. मर्वनं तो घट्ट धरला. जमिनीवर लंगडणारा तिचा भाऊ पाण्यात गेल्यागेल्या निराळाच झाला. सीलसारखा, गुडघे नसल्यासारखा. दोघं पालथे तरंगत खडकाच्या कडेकडेनं गेले. खाली केल्प नावाच्या उंच शेवाळाचं तपकिरी रान आडवंतिडवं हलत होतं.

मर्वनं बोट दाखवलं. तिला काही दिसेना. शेवाळ, शेवाळ, शेवाळाचा एक तुटका झुपका. तो पुन्हा बोट दाखवत राहिला. आणि मग त्या झुपक्यानं तिच्याकडं बघितलं.

डोळा होता त्याला. सोनेरी, गोल, शांत. डोळ्याच्या पुढं बासरीसारखं लांब तोंड. मानेची कमान. नारिंगी अंगावर पिवळे ठिपके, जणू कुणी बारीक नोजलनं एकेक ठेवला असावा. छातीवर जांभळे पट्टे. आणि अंगातून ठिकठिकाणी फुटलेल्या बारीक काड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पान. शेपटीच्या खालच्या बाजूला गुलाबी मण्यांची दाट रांग चिकटलेली. ती अंडी होती. हा बाप होता, मुलं अंगावर घेऊन उभा.

उभाच म्हणायला हवं. आजूबाजूचं सगळं रान लाटेबरोबर झोकांड्या खात होतं आणि हा जागचा हलत नव्हता. ग्लेनिस श्वास रोखून जवळ गेली. तो पळाला नाही. तेव्हा तिला दिसलं. पाठीवर आणि मानेपाशी काचेसारखे बारीक पर होते, आणि ते इतक्या वेगानं थरथरत होते की नजरेला जवळजवळ सापडत नव्हते. सगळा प्राणी त्या थरथरीवर तोलून धरलेला होता.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मर्वनं ओढून वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. वाळूवर बसल्यावर ती रडायला लागली.

"काय झालं गं? चावलं काही?"

तिनं मान हलवली. थरथरता हात त्याच्यासमोर धरला. मर्वनं तो हात आपल्या दोन्ही पंजांत घेतला आणि चोळायला लागला.

"मला वाटलं होतंच, तुला आवडेल," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली, आणि तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आली. डोळे मिटले की तो पुढ्यात उभा असायचा, पण चित्रात उतरायला तयार नव्हता. त्याचं सगळं अंग म्हणजे झालर. सगळी पानं काढली तर नखाएवढ्या आकारात फोडणी करपल्यासारखी दिसायची. पानं कमी केली तर नुसता साप. ठिपके घातले तर गोवर. मर्व रोज येऊन निकाल द्यायचा: "कोळंबी." "उपाशी घोडा." "आता आपल्या मावशीसारखा दिसतोय."

मग तिनं उलट सुरुवात केली. आधी एकच रेषा, तोंडापासून शेपटीपर्यंत. दोन टोकं, मधे मोजके ठिपके. ती रेषा बरोबर येईपर्यंत दुसरं काही काढायचं नाही, असं ठरवलं. कितीतरी दिवस ती नुसती वळणं बदलत बसली. ठिपका केसभर इकडं, तर प्राणी मान टाकलेला. केसभर तिकडं, तर आढ्यताखोर. एका दुपारी वळण असं बसलं की डोळा नसतानाही ते कुणीतरी आहे हे कळलं. कुतूहलानं मान पुढं काढलेलं, थोडं लाजरं. तिनं डोळा ठेवला आणि ते हसलं. तोंडाच्या लांब नळीला तिनं टाकाचं टोक दिलं, म्हणजे ते नाकानं चित्र काढू शकेल.

राहिली पानं. ती कुठं लावावी म्हणून तिनं अंगाच्या रेषेवर टिचकी मारली. वॅटलमध्ये रेषेला टिचकी मारली की तिचे ठिपके उघडे पडतात, आणि प्रत्येक ठिपक्यातून ती रेषा वाकवायच्या दांड्या बाहेर येतात. बारीक काडी, टोकाला गोळी.

ग्लेनिस बघत राहिली. काडी, टोकाला गोळी. ड्रॅगनच्या अंगातून फुटलेली काडी, टोकाला पान. ज्या दांड्या ओढून ती दोन वर्षं रेषा वाकवत होती, त्याच दांड्या अंगावर मिरवत कुणीतरी टिंडरबॉक्सच्या पाण्यात ती जन्मायच्या कितीतरी आधीपासून उभं होतं. तिच्या अंगावर काटा आला. खुर्ची मागं सारून ती अंगणात गेली आणि कारण नसताना वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घालून आली. परत आल्यावर तिनं प्रत्येक दांडीच्या टोकाच्या गोळीवर एकेक पान बसवलं. मोजून सहा. सातवं लागलंच नाही.

"हे काय आहे?" संध्याकाळी मर्वनं विचारलं. पुष्कळ वेळ बघून मग म्हणाला, "हा तोच आहे."

"कोण?"

"आपण बघितलेला. तोच."

त्याचं नाव तिनं वॉबल ठेवलं. वॉबल म्हणजे डुगडुगणारा.

गटावर टाकल्यावर मात्र पाऊस निराळाच पडला. हा प्राणी कुणाला माहीत आहे? घोडा आहे की मासा? पोलंडवाला म्हणाला, छान आहे पण गोंडस नाही. कुणीतरी लिहिलं, नाकाला टाक का? सर्दी झाल्यासारखं वाटतं. एकानं तर सरळ म्हटलं की कोआला सगळ्यांना कळतो, मग ही यातायात कशाला? ग्लेनिसनं सगळं वाचलं, लॅपटॉप मिटला आणि त्यावर टेबलक्लॉथ पसरला.

"आत्या, दोनचार लोक बोलले म्हणून काय?" कर्स्टी म्हणाली.

"त्यांचं बरोबर आहे गं. बेकरीतल्या बाईनं बेकरीत राहावं."

"बेकरीत तरी कुठं राहिलीस?" मर्व गरजला. "तिथूनही पळालीस! आता इथूनही पळ! पुढं कुठं जाणार, अंटार्क्टिकाला?"

ग्लेनिसनं त्याला जेवायला वाढलं नाही. तोही हट्टानं तिथंच बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडं ओफा होती. आवाज उबदार, मागं पोरांचा गोंगाट.

"ग्लेनिस, तुम्ही वॉबलची मूळ फाइल पाठवलीय ना, ती मी उघडली. एक विचारायचं होतं. ती पानं... ती दांड्यांच्या टोकावर आहेत, हे योगायोगानं झालं का?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "म्हणजे मी नाही केलं. त्याच्या अंगावर तशीच असतात. मी नुसतं बघितलं."

पलीकडं ओफानं पोरांना गप्प बसायला सांगितलं.

"मी सात वर्षं लोकांना त्या दांड्या समजावून सांगतेय," ती मग म्हणाली. "निम्मे लोक त्या दांड्यांपाशी घाबरतात आणि वॅटल बंद करून निघून जातात. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा. काल मी त्यांच्यापुढं तुमचा वॉबल ठेवला. काही बोलले नाही. एकीनं त्याचं पान धरून ओढलं, त्याची मान वाकली. ती हसायला लागली. मग सगळ्यांनी ओढलं. मला काही शिकवावंच लागलं नाही, ग्लेनिस. तुम्हाला चालणार असेल, तर वॅटल उघडल्यावर सगळ्यात आधी वॉबल येईल, असं करू या का? नुसता बघायला नाही, ओढायला."

ग्लेनिस फोन धरून मान हलवत राहिली.

"ग्लेनिस? आहात ना?"

"ती हो म्हणतेय!" मर्व मागून ओरडला. त्याला फोनवरचं अक्षरही ऐकू आलेलं नव्हतं. बहिणीचा चेहरा मात्र त्याला वाचता येत होता.

कोआलावाले लगेच गप्प झाले असं नाही. कुरकुर चालली, पर्याय आले. पण ओफानं ओढता येणारा वॉबल सगळ्यांना वापरून बघायला दिला, आणि कुरकुर हळूहळू खेळात विरून गेली. सर्दीची चेष्टा करणाऱ्यानंच वॉबलला शेपटीनं गाठ मारून दाखवली. शरद ऋतू लागता लागता नवी आवृत्ती निघाली. तिच्याबरोबर वॉबल कुठं कुठं गेला, याचा ग्लेनिसला पत्ता नव्हता. कर्स्टी अधूनमधून सांगायची: वानुआतूच्या एका शाळेत आहे म्हणे, फिनलंडमधल्या एका इस्पितळात आहे. ग्लेनिस "हो का?" म्हणायची आणि कांदा चिरायला लागायची. जगाच्या नकाशाएवढी गोष्ट तिच्या स्वयंपाकघरात मावत नव्हती.

जूनमध्ये हॉबर्टला हिवाळी उत्सव भरला. गोदीवर शेकोट्या, खाण्याचे ठेले, तोंडातून वाफा सोडत फिरणारी माणसं. ओफा त्यासाठी ऑकलंडहून मुद्दाम आली होती. उंचीपुरी बाई, सणासमारंभाला बांधतात तशी विणलेली टोंगन चटई कमरेला बांधून आलेली. ग्लेनिसला बघताच तिनं मिठी मारली, तेव्हा ग्लेनिसचे पाय जमिनीवरून सुटले.

"चला, तुम्हाला कुणालातरी भेटवायचंय," ओफा म्हणाली.

गोदीच्या टोकाला चार मजली उंच जुनं गोदाम आहे. दुपार कलताच अंधार पडला होता. ओफानं कुणाला तरी हात केला, आणि गोदामाच्या आख्ख्या भिंतीवर प्रकाशाचा झोत पडून वॉबल उभा राहिला.

गर्दीतून एक लांब "ओऽऽ" निघाला. नारिंगी अंग, पिवळे ठिपके, प्रत्येक ठिपका दाराएवढा. पाणी पाठीमागं नव्हतं, काळंभोर आकाश होतं, तरी तो पाण्यात असावा तसा तोलून उभा. खाली चौथऱ्यावर सहा लाकडी दांडे लावलेले. दांडा ओढला की भिंतीवरचं पान ओढलं जायचं आणि सगळा ड्रॅगन वाकायचा. एक म्हातारा नि त्याची बायको दोन दांडे धरून त्याला मान डोलवायला लावत होते. एका गोदी कामगारानं शेपूट उचलली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ग्लेनिस गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेली. थेट जवळ, नाक भिंतीला लागेल इतकी. मर्व मागून ओरडत होता, "अगं कुठं चाललीस, जवळून काय दिसणार?" तिला कड बघायची होती. इतकी वाढवल्यावर कुठंतरी फाटली असेल, कुठंतरी तिच्या हाताची थरथर बाहेर आली असेल. तिनं मान वर करून रेषेचा माग काढला. विटांवरून, खिडकीच्या चौकटीवरून, पन्हाळीवरून ती रेषा चढत गेली होती. जाताना कुठंही अडखळली नव्हती. तिनं उजवा हात भिंतीवर ठेवला. थंडीनं आणि वयानं तो थरथरत होता, आणि त्या हातावरून नारिंगी प्रकाश शांतपणे पुढं जात होता.

मर्व शिंपल्यांचं सारण भरलेल्या दोन गरम पेस्ट्र्या घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. एक तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"खा की. गार होतेय."

"मर्व, हे मी काढलं," ग्लेनिस म्हणाली, दुसऱ्या कुणाची बातमी सांगावी तशी.

मर्वला नीट ऐकू आलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "ठाऊक आहे." मग दोघं म्हातारी भावंडं माना वर करून तिथंच उभी राहिली, आणि त्यांच्या डोक्यावर तो अजस्र प्राणी कुणा अनोळखी माणसानं पान ओढताच सावकाश मान वळवून खाडीकडं बघू लागला.